स्तेपान इलिच आणि बर्फावरची हॉकी

नोकरीची ती सगळी वर्षं मी दिवसभर ‘मी, मी’ करत असे, आणि तो ‘मी’ दुसराच कुणीतरी असे. दुभाष्याच्या कामाचा हा पहिला नियम. समोरचा रशियन म्हणाला, ‘मला ही भिंत पसंत नाही’, तर ‘साहेबांना भिंत पसंत नाही असं ते म्हणतात’ अशी लांबण लावायची नाही. सरळ म्हणायचं, ‘मुझे ये दीवार पसंद नहीं.’ आणि मग गवंड्यांच्या डोळ्यांतला राग झेलायचा. कारण त्यांना चेहरा दिसतो तो आपला आणि आवाज ऐकू येतो तोही आपलाच.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. रशियन माणसं आगगाडीच्या डब्यांनी उतरत होती आणि त्यांचं बोलणं कळणारा माणूस मिळत नव्हता. माझे वडील गोंदियाला रेल्वेत गार्ड. मी मॅट्रिकला संस्कृत घेतलं होतं, त्याचा वडिलांना राग होता. त्याचा उपयोग काय, म्हणत. पुढे भिलाईला रशियन भाषेचा वर्ग निघाला. सहा विभक्त्या ऐकून बाकीची मुलं घाबरली आणि मला मात्र ओळखीच्या गल्लीत शिरल्यासारखं वाटलं. अशा रीतीने मी दुभाषी झालो.

बाकीचे नियम लहान लहान. साहेबाच्या जरासं मागे उभं राहायचं. हातात चहाचा कप धरायचा नाही, कारण बोलताना हात मोकळे लागतात. विनोद ऐकून आधी आपण हसायचं नाही. सांगून झाल्यावर सगळ्यांबरोबर हसायचं. आणि काही गाळायचं नाही. हा शेवटचा नियम मी फक्त शिव्यांपुरता मोडत असे. एकदा एका रशियन फोरमनने वाकड्या बसवलेल्या पाइपाकडे बघून भरपूर वेळ तोंड सोडलं. तो थांबल्यावर सगळी गँग माझ्याकडे बघू लागली. मी म्हणालो, ‘साहब नाराज़ हैं.’ हसून हसून माणसं खाली बसली. फोरमनलाही हसू आलं. पाइप मात्र सरळ झाला.

या कामात एक तोटा होता, तो सुरुवातीला कळला नाही. दिवसभर रशियन आणि हिंदी. मराठी फक्त घरी, आणि घरी पोचेपर्यंत जीभ दमलेली असे. इतरांचं सगळं बोलून झालेलं असे, आपलं म्हणून बोलायला काही उरत नसे.

मला ज्यांच्याबरोबर नेमलं त्यांचं नाव स्तेपान इलिच. कोक ओव्हनच्या विटांचे ते तज्ज्ञ. ज्यांनी कारखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोलादाच्या आधी लोखंड, आणि लोखंड वितळवायला कोक लागतो. दगडी कोळसा बंद कोठड्यांत भाजला की कोक होतो. या कोठड्या खास विटांच्या असतात, आणि त्यांच्या एका रांगेला बॅटरी म्हणतात. त्या विटा फार हळूहळू तापवाव्या लागतात, आणि एकदा तापल्या की पुन्हा कधीच थंड होऊ द्यायच्या नाहीत. थंड झाल्या की तडकतात. स्तेपान इलिच दिवसभर त्या विटांमधून फिरत, बोटाने सांधे चाचपत, आणि मागे मी.

उंच, जरा वाकलेला माणूस. समोरचे दोन दात पोलादाचे. विटा वाहणाऱ्या एका बाईने मला हळूच विचारलं होतं, “कस गा बाबू, रूस म दाँत घलो कारखाना म बनथे का?” रशियात दातसुद्धा कारखान्यात बनतात का, हा तिचा प्रश्न मी त्यांना सांगितला. ते दात दाखवून हसले आणि म्हणाले, “हॉकी.”

मी उडालोच. गोंदियाच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मैदानावर मी गोलकीपर होतो. म्हटलं, “मीपण हॉकी खेळतो!”

त्यांनी माझा हातच धरला. “तुम्ही? कुठे? बर्फ कुठे आहे इथे?”

“बर्फ कशाला? मैदानावर.”

“अच्छा, ती हॉकी,” ते म्हणाले आणि हात सोडला. इतक्या पटकन उतरलेला चेहरा मी क्वचित पाहिला आहे.

तरी त्या दिवसापासून आमचं जमलं. ते मला ‘मनोहर बाबुराविच’ म्हणू लागले. माणसाच्या नावापुढे बापाचं नाव लावायची त्यांच्याकडे रीत आहे. आपल्याकडेही तशीच आहे हे कळल्यावर त्यांना फार बरं वाटलं होतं. बर्फावरची हॉकी मला त्यांनी विटांच्या ढिगावर बसून शिकवली. गोठलेल्या मैदानावर पायात पात्याचे बूट घालून खेळतात. चेंडू नसतो, रबराची चपटी चकती असते. त्यांच्या देशातही हा खेळ तसा नवाच होता. लढाई संपल्यावर आला. आधी ते बर्फावर चेंडूनेच खेळत. या नव्या खेळाला ते ‘कॅनडाची हॉकी’ म्हणत, आणि स्तेपान इलिच उरलकडच्या आपल्या गावी कारखान्याच्या संघातून तो खेळले होते.

दरवर्षी मार्चच्या सुमारास जगातले संघ एका ठिकाणी जमून अजिंक्यपदासाठी खेळतात. रशियन पहिल्यांदा उतरले ते चोपन्न साली, स्टॉकहोमला, आणि आल्या आल्या कॅनडाला सात-दोन हरवून पहिले आले. स्तेपान इलिच हा आकडा सांगताना सात बोटं वर करत. दोन वर्षांनी ऑलिम्पिकही त्यांचंच. मग सत्तावन्न साली स्पर्धा खुद्द मॉस्कोत भरली. कॅनडा आला नव्हता. शेवटचा सामना स्वीडनशी, उघड्या स्टेडियममध्ये. स्तेपान इलिच हिंदुस्थानात यायच्या कागदपत्रांसाठी तेव्हा मॉस्कोत होते, त्या गर्दीत उभे होते. सामना चार-चार बरोबरीत सुटला आणि अजिंक्यपद स्वीडनने नेलं.

“इतकी माणसं,” ते म्हणाले, “आणि बाहेर पडताना कुणी बोलत नव्हतं. फक्त बुटांचा आवाज.”

तिथून ते भिलाईला आले, आणि त्यांच्या मागोमाग ती साडेसातीही आली. अठ्ठावन्न आणि एकोणसाठ, कॅनडा. साठचं ऑलिम्पिक अमेरिकेने घेतलं. एकसष्ट पुन्हा कॅनडा. बासष्ट साली स्पर्धा अमेरिकेत होती. पूर्व जर्मनीच्या खेळाडूंना तिथे येऊ दिलं नाही म्हणून रशियन गेलेच नाहीत. सामने होत तेव्हा आपल्याकडे रात्र असे. स्तेपान इलिच सकाळी मॉस्को रेडिओच्या बातम्या ऐकून कामावर येत. मी तोंडाकडे बघत असे. ते मान हलवत आणि सरळ विटांकडे वळत. बाहेर पळस फुललेला आणि ऊन चढू लागलेलं. अशा दिवसांत हा माणूस बर्फासाठी झुरत असे, आणि हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. त्यांच्या हॉस्टेलमधले बाकीचे लोक बायकामुलांबरोबर राहत, मैफली करत. हे एकटे. खोलीत रेडिओ आणि मासे धरायचा गळ, एवढंच.

साठ साली रोमला आपली हॉकी पाकिस्तानकडून हरली. आजच्या मुलांना सांगूनही कळायचं नाही ते दुःख. तोवर ऑलिम्पिकमध्ये हॉकीत आपण हरतो हेच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी नुसता काम उरकत होतो. स्तेपान इलिच जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आता तुम्हाला कळेल, मनोहर बाबुराविच, माझा मार्च महिना कसा जातो ते.”

त्यांनी पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे जिथे ओतकामासाठी लाकडी साचे बनतात तिथे, एका सुताराकडून दोन काठ्या करून घेतल्या होत्या. चकती कन्व्हेयरच्या जुन्या पट्ट्यातून कापलेली. संध्याकाळी पाळी सुटली की विटांच्या रिकाम्या शेडमध्ये गुळगुळीत सिमेंटवर ते चकती मारत. पत्र्यावर आपटून ती परत येई, ते पुन्हा मारत. मी एकदा पाहिलं, मग गोलकीपर म्हणून उभा राहू लागलो. बोलणं नसे. दिवसभर बोललेली दोन माणसं, एक मारतोय, दुसरा अडवतोय. अंधार पडला की काठ्या कोपऱ्यात उभ्या करायच्या आणि आपापल्या वाटेने जायचं.

एकसष्ट साली माझं लग्न झालं. कुसुम तुमसरची. तिचे वडील तिथल्या राइस मिलमध्ये मिस्त्री. मला सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळालं होतं. एका बाजूला तेलुगू कुटुंब, दुसऱ्या बाजूला बंगाली. चांगली माणसं, पण कुसुमला हिंदी येत नव्हती. ती दिवसभर घरात गप्प, आणि मी संध्याकाळी येऊन गप्प. पुढच्या उन्हाळ्यात मुलगा झाला. विजू. पावसाळ्याच्या तोंडावर त्याला ताप आला आणि तो गेला. इस्पितळात डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी कुसुमला मराठीत सांगितलं. त्यानंतर आम्ही दोघं त्या घरात होतो, पण बोलणं म्हणून काही राहिलं नाही. महिन्याभराने तिचे वडील आले आणि तिला घेऊन गेले. जाताना ती ‘येते’ म्हणाली. परत कधी ते मी विचारलं नाही.

“तुमची बायको कधी येणार?” स्तेपान इलिच अधूनमधून विचारत.

“येईल,” मी म्हणत असे.

दिवाळी झाली. थंडी पडली. एके दिवशी शेडमध्ये त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि मी तेच उत्तर दिलं. त्यांनी चकती उचलून खिशात घातली.

“मीपण असंच म्हणत होतो,” ते म्हणाले. “ते गाव इथून किती लांब आहे?”

परदेशी माणसाला गावाबाहेर जायला परवानगी लागे. त्यांनी वैनगंगेवर मासे धरायला जायचंय म्हणून परवानगी काढली आणि दुभाषी म्हणून माझं नाव दिलं. खरं वाटावं म्हणून गळही बरोबर घेतला. दुर्गहून पॅसेंजरने तुमसर रोड, तिथून टांग्याने तुमसर. सहा फूट उंच गोरा माणूस, हातात गळ. टांग्यामागे निम्मी आळी चालत आली.

सासरे गडबडले. “जावईबापू, साहेब खाली बसतीन का? खुर्ची आणून राहिले शेजारून.”

साहेब सतरंजीवर मांडी घालायचा प्रयत्न करत बसलेसुद्धा. कुसुम दाराच्या आत उभी होती. अंगाने उतरली होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिने जमिनीकडे.

स्तेपान इलिच मला म्हणाले, “मी बोलतो. तुम्ही सांगा. काही गाळू नका.”

मी तयार झालो, आणि एकदम लक्षात आलं की रशियनमधून मराठीत मी आजवर कधी काही सांगितलंच नव्हतं. कामच पडलं नव्हतं. नेहमी हिंदी. ते बोलू लागले आणि माझ्या तोंडून घरची बोली बाहेर पडू लागली.

“मी लढाईवून वापस आलो तवा घर जागच्या जागी होतं,” मी म्हणालो. “बायको बी होती. पोरगं नव्हतं. मी दूर असताना तापानं गेलं.”

कुसुमने मान वर केली.

“आमी दोघंबी त्याचं नाव घेत नव्हतो. मले वाटे, नाव घेतलं तं तिले लागन. तिले वाटे, मले लागन. असं करता करता घरातलं बोलनंच बंद झालं. मंग ती तिच्या बहिणीकडं चालली गेली. मी म्हटलं, येईन आपली आपन. मी आनाले गेलो नाही. मी रोज हॉकी खेळाले जात होतो. बरफावर कोणाशी बोलाव लागत नाही.”

आवाज माझाच होता. सासरे माझ्या तोंडाकडे बघत होते, सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. कुसुम दाराबाहेर आली.

“हे साहेब म्हणून राहिले का तुमी?” तिने विचारलं.

“साहेब,” मी म्हणालो. खरं तेच होतं.

“काय म्हणाली?” स्तेपान इलिचनी विचारलं. मी सांगितलं. “मग तुम्ही काय उत्तर दिलं?”

“तुम्ही बोलताय म्हणून सांगितलं.”

 ते गुडघ्यावर हात टेकून उठले, गळ उचलला आणि सासऱ्यांना खुणेनेच विचारलं, पाणी कुठे आहे? सासऱ्यांना कळलं. “बोडीवर मासे हायेत ना, चला,” असं म्हणून ते त्यांना घेऊन निघाले. आमच्या भागात गावच्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. एकमेकांचा एक शब्द न कळणारी ती दोन माणसं बोलत बोलत बांधावरून गेली. एक रशियनमध्ये, एक मराठीत. सासूबाई चुलीकडे गेल्या.

अंगणात मी आणि कुसुम उरलो. सांगून द्यायला आता कुणाचं बोलणं नव्हतं. 

“विजू,” मी म्हणालो.

“विजू,” तीही म्हणाली, आणि खाली बसली. मी शेजारी बसलो. तो कसा हसत असे, डाव्या कुशीवरच कसा झोपत असे, ते तिने सांगितलं. मला त्यातलं निम्मं माहीत नव्हतं. ते लोक परत येईपर्यंत ती बोलत होती.

त्या दिवशी ती आली नाही. मीही आग्रह केला नाही. संक्रांत झाल्यावर तिचे वडील तिला भिलाईला सोडायला आले, एक ट्रंक आणि तांदळाचं पोतं घेऊन. मग एका रविवारी स्तेपान इलिच आमच्याकडे जेवायला आले. कुसुमने आंबाडीची भाजी केली होती. ते घामाघूम होऊन जेवले. कुसुमने बर्फावरच्या हॉकीची सगळी गोष्ट विचारून घेतली. सत्तावन्नचा मॉस्कोतला सामना, कॅनडा, स्वीडन, सगळं.

“साहेबाले पुसा, बरफावर मानूस पडत नाही का?”

“पडतो,” ते म्हणाले. “आधी पडायलाच शिकवतात.”

“मंग यंदा जिंकतीन का?”

त्यांनी खांदे उडवले. “मी दरवर्षी हो म्हणतो.”

फेब्रुवारीत त्यांची मुदत संपली. दुर्ग स्टेशनवर मी सोडायला गेलो. गाडी यायला वेळ होता. इतक्या वर्षांत मी त्यांना स्वतःहून प्रश्न असा विचारला नव्हता. दुभाषी प्रश्न विचारत नाही. त्या दिवशी विचारला.

“आता तरी जाल ना? आणायला?”

ते हसले. “ती वारली, मनोहर बाबुराविच. पहिली बॅटरी तापवत होतो ना आपण, तेव्हा. खबर इथेच आली.”

ते दिवस मला आठवत होते. मी रोज त्यांच्या मागे उभा होतो. ते विटांबद्दल बोलत होते आणि मी त्यांचं बोलणं गँगला सांगत होतो. ही खबर आली ती रशियनमध्ये, रशियन माणसाला. तिला दुभाष्याची गरज पडली नव्हती.

“मला का नाही सांगितलंत?” मी म्हणालो.

“तुम्हाला ती हिंदीत सांगावी लागली असती,” ते म्हणाले. “सगळ्यांना.”

गाडी आली. त्यांनी मला रशियन पद्धतीने दोन्ही गालांवर मुके घेऊन निरोप दिला, प्लॅटफॉर्मवरची माणसं बघत राहिली, आणि ते गेले.

मार्चमध्ये स्पर्धा स्टॉकहोमला होती. मी आता दुसऱ्या साहेबाबरोबर होतो. त्यांना हॉकीत रस नव्हता. सुरुवातीलाच रशियन स्वीडनकडून हरल्याचं मला कळलं आणि मी नाद सोडला. मग एका सोमवारी सकाळी साहेबाला घ्यायला हॉस्टेलवर गेलो, तर आतून गाण्याचा आवाज. खिडकीतून कुणीतरी ओरडलं, “जिंकलो!” शेवटच्या दिवशी चेकांनी स्वीडनला हरवलं होतं, आणि त्यानंतर रशियनांनी कॅनडाला. गुण स्वीडनइतकेच, पण गोलांचा हिशेब रशियनांच्या बाजूने. इतक्या वर्षांनी अजिंक्यपद परत आलं होतं. आमच्या साहेबालाही त्या दिवशी हॉकीत रस आला होता. मला आत ओढलं, हातात ग्लास दिला, पाठीवर थापा मारल्या. मग ते आपसात बोलू लागले, गाऊ लागले. मी भिंतीपाशी उभा राहिलो. कुणाला काही सांगून द्यायचं नव्हतं. ग्लास ठेवून बाहेर आलो आणि गाडीपाशी थांबलो.

त्या दिवशी विटांच्या शेडकडे एक चक्कर मारली. तिथे आता सिमेंटची पोती रचली होती.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा कुसुम पुढच्या दारात बसून तांदूळ निवडत होती. हात धुवायच्या आधीच मी तिला सगळं सांगितलं. चेक, स्वीडन, कॅनडा, गोलांचा हिशेब. ती सूप मांडीवर ठेवून ऐकत राहिली.

“साहेबाले समजलं असन का?” तिने विचारलं.

“त्यायच्या देशात गाजून राहिलं असन सगळीकडं. समजलंच असन.”

“तसं नाही,” ती म्हणाली. “कोणासंग बसून आयकलं असन त्यायनं?”